सासूबाईंचे दोन राजे

माझ्या सासूबाई पोकर खेळतात हे मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं, त्यामुळे माझी फसवणूक झाली असं म्हणायला मला तोंड नाही. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात मी त्यांच्याच हाताखाली तयार झालो. पुठ्ठा कसा कापायचा, खळ किती पातळ करायची, पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं सरळ रेषेत कशी उठवायची, सगळं त्यांनी शिकवलं, आणि शिकवताना 'अरे गाढवा' ह्याच नावानं हाक मारली. मग एकदा त्यांचा चष्मा घरी राहिला म्हणून त्यांची मुलगी तो द्यायला आली, आणि पुढचं सगळं रीतसर झालं. लग्न ठरल्यापासून घरी मी 'जावईबापू' आणि 'तुम्ही' आहे. कामाच्या टेबलावर मात्र गाढवच राहिलो. मीही घरी त्यांना आई म्हणतो आणि टेबलावर सगळ्यांसारखं बाई म्हणतो. जावई म्हणजे दहावा ग्रह अशी म्हण आहे. आमच्याकडे कोण कुणाच्या राशीला बसलंय ते तुम्हीच ठरवा.

आमच्या कारखान्यात पोकर खेळतात तो पैशांसाठी नाही, रजेसाठी. शाळांच्या हंगामात चार महिने कामाचा नुसता डोंगर असतो. त्या चार महिन्यांत प्रत्येकाला एकच आठवडा रजा, आणि एका आठवड्यात एकालाच. मालकांच्या खोलीबाहेर तक्ता लागतो, त्यावर आपापलं नाव लिहायचं. पूर्वी त्या तक्त्यावरून अशी भांडणं व्हायची की विचारू नका. एका वर्षी कापणीच्या यंत्रावरचे सुरीवाले आणि पुस्तकं शिवणाऱ्या शिलाईकाकू एकाच चौकोनात नाव लिहायला धावले. तक्ता फाटला, आणि पुढचे दोन महिने ते दोघं एकमेकांशी मालकांमार्फत बोलत होते. "त्यांना सांगा, कागद संपलाय." "त्यांना सांगा, मला दिसतंय." शेवटी मालकांनी आपल्या खणातला पत्त्यांचा जोड आणून टेबलावर आपटला. "खेळा आणि काय ते ठरवा. माझं डोकं खाऊ नका."

तेव्हापासून हंगामाच्या आधीच्या शनिवारी, अर्धा दिवस सुटल्यावर, घड्या घालायच्या मोठ्या टेबलावर आम्ही चौघं बसतो. फायलीच्या पुठ्ठ्याला भोक पाडलं की जी गोल चकती पडते, तशा चाळीस चाळीस चकत्या प्रत्येकाला मिळतात. ज्याच्या संपल्या तो उठला. शेवटपर्यंत जो टिकतो तो तक्त्यावर सगळ्यात आधी नाव लिहितो, त्याच्या खालोखाल टिकलेला दुसरा, आणि जो आधी उठतो त्याला उरलंसुरलं.

यंदा माझ्या बायकोला सातवा महिना होता. डॉक्टरांनी दिलेली तारीख हंगामाच्या बरोबर मधे पडत होती. मला तो आठवडा हवा होता. पहिलं मूल. मला ते सगळ्यांच्या आधी हातात घ्यायचं होतं, बायकोच्या उशाशी बसायचं होतं, आणि खरं सांगायचं तर लोकांनी मला बघावं असंही वाटत होतं. बाप झालेला माणूस म्हणून मला मिरवायचं होतं. अडचण एकच होती. सासूबाईंनाही तोच आठवडा हवा होता.

"आई, नवरा मी आहे," मी घरी म्हणालो.

"आणि मी कोण, जावईबापू? रस्त्यावरून जाणारी बाई?"

"असं नाही. पण बाप पहिल्या दिवसापासून घरात हवा."

"शनिवारी बघू," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

बायकोनं हात जोडले. "मला मधे ओढू नका. एकीकडे आई, एकीकडे नवरा. ज्याला यायचं त्यानं यावं, पण इथे येऊन भांडू नका." तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

आता खेळ थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येकाला दोन पानं वाटतात, ती आपली आपण बघायची. मग टेबलाच्या मधे तीन पानं एकदम उघडतात, नंतर एक, शेवटी आणखी एक. ही पाच सगळ्यांची सामाईक. हातातली दोन आणि मधली पाच ह्यांतून ज्याची पाच पानं सगळ्यात भारी, त्याचा डाव. मधली पानं उघडण्याआधी आणि मग प्रत्येक टप्प्यावर कुणी चकत्या लावतो, बाकीच्यांनी तेवढ्या भरायच्या, हवं तर वाढवायच्या, नाहीतर पानं टाकून द्यायची. दोन्ही पानं सारखी आली, म्हणजे राजा-राजा किंवा राणी-राणी, की माणसाला आपण अर्धा डाव जिंकलाच असं वाटायला लागतं. आणि मग मधे त्याहून वरचं पान उघडतं, आणि माणसाची जात कळते.

माझी जात मागच्या वर्षीच कळली होती. हातात दोन राण्या होत्या. मधे राजा उघडला. सुरीवाल्यांनी चकत्या लावल्या, काकूंनी त्या वाढवल्या. दोघांपैकी एकाकडे तरी राजा असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मलाही कळत होतं, पण सोडवत नव्हतं. राण्यांना कवटाळून बसलो आणि सगळ्यात आधी उठलो. जो आठवडा कुणालाच नको होता तो मिळाला, त्यात मी अक्कलदाढ काढून घेतली. नुसती दाढच गेली.

"अरे गाढवा," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "हातात राण्या आल्या म्हणजे काय त्यांच्याशी लग्न लागलं? जोडी चांगली असते ती मधली पानं उघडेपर्यंत. उघडली की परत विचारायचं, आता किती चांगली? आणि ते पत्त्यांना नाही विचारायचं. समोर बसलेल्या माणसांना विचारायचं."

मी वर्षभर हे घोकलं. घोकण्यात आणि कळण्यात फरक असतो हे मला तेव्हा कोण सांगणार?

त्या शनिवारी ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलं होतं. खळीचा वास, कोपऱ्यात कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग, आणि बाई आपल्या नेहमीच्या उंच स्टुलावर. त्यांच्या हातांकडे मी अजूनही बघत राहतो. बोटं आखूड आणि जाड आहेत, नखं कापलेली, अंगठ्यावर सोनेरी वर्खाचा डाग जो कधी जातच नाही. पण त्या बोटांनी कागद उचलला की कागद स्वतःहून सरळ होतो. मी पंधरा वर्षं केलं तरी मला ते जमणार नाही. पत्तेही तसेच. दोन पानं उचलायच्या, एकदा बघायच्या, खाली ठेवायच्या आणि पुन्हा त्यांना हात लावायच्या नाहीत. बाकी आम्ही तिघं दर मिनिटाला पानं उचलून बघतो, जणू मधल्या काळात ती बदलली असतील.

पहिल्या अर्ध्या तासात एक डाव झाला तो मी विसरणार नाही. मी माझी पानं आधीच टाकली होती. बाईंनी चकत्या वाढवल्या, सुरीवाले आणि काकू दोघांनी भरल्या. मधे उघडलं, राजा, नव्वी, दुर्री. सुरीवाल्यांनी दहा चकत्या लावल्या. काकूंनी पंचवीस केल्या. बाईंनी एकदा सुरीवाल्यांच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा काकूंच्या, आणि पानं उपडी टाकून दिली. भाजीवालीला 'आज नको' म्हणावं इतक्या सहज. डाव संपल्यावर काकूंकडे राजा-नव्वी निघाली आणि सुरीवाल्यांच्या चकत्या जवळपास संपल्या. बाईंनी कोपरानं मला ढोसलं आणि टाकलेली पानं फक्त मला दिसतील अशी तिरपी केली. दोन राण्या.

मला काय वाटलं सांगू? मला लाज वाटली, आणि अभिमानही वाटला. तीच पानं, तसाच राजा, तीच दोन माणसं. मी त्यात बुडालो होतो आणि ही बाई पाय ओला न करता पलीकडे गेली होती. मी मनाशी पक्कं ठरवलं की सासूबाई सोडणाऱ्यांतल्या आहेत. मधे वरचं पान दिसलं की त्या जोडी सोडून देतात. हे ठरवलं तिथेच माझा घात झाला, पण ते कळायला अजून तासभर होता.

सुरीवाले उठले. "माझं काय, कुठलाही आठवडा चालतो," असं म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं. मग काकूंशी माझी गाठ पडली. मला गुलामांची जोडी आली होती, मधे तिसरा गुलाम उघडला, आणि मी आनंदानं होत्या नव्हत्या तेवढ्या चकत्या दोन्ही हातांनी पुढे लोटल्या. चार-पाच जमिनीवर पडल्या. काकू उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. उरलो आम्ही दोघं. सासू आणि जावई. सुरीवाले घरी न जाता खुर्ची ओढून बसले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

शेवटचा डाव बाईंनी वाटला. माझ्या हातात चौकटची नव्वी आणि अठ्ठी, म्हणजे काहीच नाही. बाईंनी चकत्या वाढवल्या. मी फार विचार न करता भरल्या. मधे तीन पानं उघडली.

बदामाचा एक्का. छक्की. तिर्री.

मी काही न लावता थांबलो, बाईंनी थोड्याशा चकत्या लावल्या. आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. आधी वाढवल्या म्हणजे हातात मोठी जोडी असणार. राजे, राण्या, गुलाम, काहीतरी. मधे एक्का पडलाय. राण्या टाकल्या तशी हीसुद्धा टाकतील, फक्त समोरच्याकडे एक्का आहे असं वाटायला हवं. मग ठरलं, माझ्याकडे एक्का आहे. मी चकत्या दुपटीहून जास्त वाढवल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागलो. एक्का असलेला माणूस खिडकीबाहेर बघतो असं मला का वाटलं देव जाणे.

बाईंनी भरल्या.

चौथं पान गुलाम. मी पुन्हा लावल्या, आधीपेक्षा जास्त. बाईंनी पुन्हा भरल्या. पाचवं पान, आणखी एक तिर्री. माझ्याकडे अजूनही काहीच नव्हतं. मधल्या तिर्रीच्या जोडीवर तर समोरच्याचाही तितकाच हक्क होता. आता मागे फिरलो तर बायकोच्या उशाशी सासूबाई, आणि मी इथे पुठ्ठे कापतोय. मनात आलं, आता नाही तर कधीच नाही. राहिलेल्या चाळीस चकत्या मी पाच-पाचच्या आठ चळतींत रचल्या, अंगठ्यानं कडा सारख्या केल्या, आणि सगळ्या चळती एका ओळीत पुढे सरकवल्या.

"सगळ्या," मी म्हणालो. आवाज बरा निघाला.

बाईंनी पानांकडे पाहिलंच नाही. त्या माझ्या चळतींकडे बघत होत्या. मग माझ्याकडे. काकू चहाचे कप घेऊन आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या.

"एक्के चार," बाई स्वतःशीच बोलावं तसं बोलल्या. "एक इथे पडलाय. राहिले तीन. आणि तुझ्याकडे पानं दोनच."

"एक पुरतो, बाई."

"पुरतो. पण एक्का हातात आला की तू पहिल्याच फेरीत वाढवतोस. तीन वर्षं बघतेय. थांबता येतच नाही तुला. मघाशी मी वाढवल्या तेव्हा तू नुसत्या भरल्यास."

"आज वेगळा खेळतोय मी."

"गप्प बस, अजून ठरवतेय मी."

सुरीवाले म्हणाले, "बाई, एक्का आहे हो त्याच्याकडे. बघा ना कसा बसलाय." मला त्यांची पाठ थोपटावीशी वाटली.

"तुम्ही दोघं मघाशी चकत्या वाढवत होतात, तेव्हा मी राण्या टाकल्या," बाई त्यांना म्हणाल्या. "तिथे दोन माणसं एकदम सांगत होती, राजा इथे आहे. इथे एकच माणूस सांगतोय. आणि तो माझा जावई आहे." त्यांनी चाळीस चकत्या मोजल्या नाहीत, ढीगच पुढे ढकलला. "दाखव."

मी नव्वी-अठ्ठी उलटी केली. बाईंनी आपली पानं उघडली. इस्पिकचा राजा, किलवरचा राजा.

सुरीवाल्यांनी अशी टाळी वाजवली की काकूंच्या हातातला चहा हिंदकळला. मी काय करावं? आधी भडकलो. कान तापले. मग मला हसू आलं, आणि मग खरोखर, अगदी मनापासून, ह्या बाईंना नमस्कार करावासा वाटला. मधे एक्का पडलेला, समोर गडी सगळं लावून बसलेला, आणि त्यांनी हातातल्या राजांना ना घट्ट धरलं, ना भिऊन टाकलं. त्यांनी फक्त मला वाचलं. मला वाचणं अवघड नाही हे मला मान्य आहे, पण तरीही.

"कसं कळलं?" मी विचारलं. "खरं सांगा. पहिल्या फेरीवरून एवढं कळत नाही."

बाईंनी माझ्या आठ चळतींवर बोट ठेवलं. "ह्यांच्यावरून. काकूंना उठवलंस तेव्हा चकत्या लोटल्यास, निम्म्या खाली सांडल्या. हातात खरंच होतं ना. आत्ता बघ कशा कडा जुळवल्यास. मीच शिकवलंय तुला जुळवायला, मला कळणार नाही? ज्या पुस्तकाची शिवण कच्ची, त्याच्या कव्हरवर बांधणारा जास्त मेहनत घेतो." मग त्या स्टुलावरून उतरल्या. "कडा छान जुळल्यात पण. मान्य करते."

आम्ही तक्त्यापाशी गेलो. बाईंनी पेन्सिलीनं तारखेच्या आठवड्यात आपलं नाव लिहिलं. माझं तोंड आंबट झालं होतं. दुसरा हक्क माझा, म्हणून मी त्याच्या पुढच्या चौकोनावर पेन्सिल टेकवली. निदान दुसरा आठवडा तरी. बाईंनी माझं मनगट धरलं.

"तिथे नको. चौथा घे."

"का? चौथ्यात काय आहे?"

"काही नाही. तेच सांगतेय. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. दुसऱ्यात येणं-जाणं चालू असतं, तिसऱ्यात कुणी ना कुणी डोकावतं. चौथ्यात कुणी नसतं. मी इथे कामावर, तिच्या मैत्रिणी आपापल्या घरी. बाळ तेवढं असतं."

"मग हे आधी का नाही सांगितलंत? खेळायचं कशाला?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, म्हातारीला नातवंड आधी आपल्या मांडीवर हवंय, म्हणून गोष्टी रचतेय." त्यांनी माझं मनगट सोडलं. "तेही खोटं नाही. मांडीवर हवंच आहे मला. पण तू जिंकला असतास तर पहिलाच आठवडा घेतला असतास. माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता."

मला पटलं म्हणून मी चौथ्या चौकोनात नाव लिहिलं असं नाही. चौथा आठवडा मला उतरलेल्या भाजीसारखा वाटत होता. पण ज्या बाईनं तासाभरात राण्या टाकल्या आणि राजे धरले, आणि दोन्ही वेळा बरोबर ठरली, तिच्याशी वाद घालायला माझ्यापाशी काय होतं? नव्वी-अठ्ठी.

मुलगी गुरुवारी दुपारी झाली. मालकांनी मला त्या दिवशी सोडलं, दुसऱ्या दिवशी आठला मी पुन्हा पुठ्ठ्यांपुढे हजर. संध्याकाळी घरी जायचो तर दाराशी चपलांचा ढीग. बसायला खुर्ची नाही. बाळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जात होतं, नाक कुणाचं आणि कान कुणाचे ह्यावर मतदान चालू होतं, आणि सासूबाई ह्या सगळ्या गर्दीत पाणी उकळणं, कपडे, औषधं, पाहुण्यांना वेळेत घराबाहेर काढणं, असं सगळं बिनबोभाट करत होत्या. बायको दमलेली होती, पण हसत होती. माझी पाळी आली की मला मुलगी दोन मिनिटं मिळायची आणि लगेच कुणीतरी म्हणायचं, "मान धर, मान धर." मला कुणी बघत नव्हतं. बापाला कुणी बघत नाही हे तेव्हा कळलं. मी जर तो आठवडा जिंकला असता तर दिवसभर चपला नीट लावत बसलो असतो.

चौथा आठवडा आला. सोमवारी सकाळी घरात आम्ही तिघंच. बायको म्हणाली, "तू उगाच रजा घेतलीस. सगळं जमतंय मला." मंगळवारी ती कमी बोलली. बुधवारी मुलगी दुपारी अडीचला रडायला लागली ती थांबेना. पोट भरलेलं, कपडे कोरडे, ताप नाही. रडण्याला कारणच नव्हतं, त्यामुळे उपायही नव्हता. मी खांद्यावर घेऊन खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत होतो. साडेतीनला वळून पाहिलं तर बायको दारात चप्पल घालून उभी. केस बांधलेले नाहीत, हातात पिशवी नाही, काही नाही.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"कुठे?"

"माहीत नाही."

तिचा चेहरा मी सहा वर्षं बघतोय. असा कधी पाहिला नव्हता. मला भीती वाटली, हे सरळ सांगतो. अडवावं असं तोंडावर आलं होतं. कशाला, थांब, आईला बोलावू का, हे सगळं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती दाराच्या कडीकडे बघत होती.

"जा," मी म्हणालो. "सावकाश ये. आम्ही आहोत इथे."

ती गेली. मी खिडकीतून पाहिलं. मागे न बघता सरळ चालत गेली आणि औषधाच्या दुकानापाशी वळली. मुलगी माझ्या कानाशी ओरडत होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मुलगी एकाएकी, जशी सुरू झाली होती तशीच, थांबली आणि झोपली. घर इतकं शांत झालं की मला फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. बायको आली नव्हती. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. कारखान्यात चहाची सुट्टी झाली की सासूबाई रोज फोन करायच्या.

"काय करतायत सगळे, जावईबापू?"

"बाळ झोपलंय, आई." मी काय सांगावं ते ठरवत होतो, पण त्यांना थाप मारायची माझी लायकी नाही. "ती बाहेर गेलीय. कुठे ते सांगून गेली नाही. चाळीस मिनिटं झाली."

पलीकडे कापणीच्या यंत्राचा आवाज येत होता. मग तोही थांबला. त्या फोन घेऊन बाहेरच्या जिन्यात गेल्या असाव्यात.

"बाळ कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. खांद्यावर."

"तुमच्या हातात आहे ना? नक्की?"

"हो, आई. इथेच आहे."

"मग येईल ती," सासूबाई म्हणाल्या. "काही विचारू नका आल्यावर. काहीतरी गरम प्यायला द्या." मला वाटलं त्या फोन ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. "ही चार आठवड्यांची होती तेव्हा मीही अशीच निघाले होते, जावईबापू. घरात दुसरं कुणी नव्हतं. हिला पाळण्यात ठेवलं आणि बाहेरून कुलूप लावून गेले. तीन रस्ते चालले मी. मुठीत किल्ली होती, आणि परत जायचं की नाही ते ठरत नव्हतं."

ज्या हातांनी आयुष्यात एक वाकडी घडी घातली नाही असं मला वाटत होतं, ते हात मला डोळ्यांपुढे दिसत होते.

"हे मी कुणाला सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या वडिलांनाही नाही. तुम्हीही हिला सांगू नका."

"नाही सांगणार."

"ठेवते. काकू हाका मारतायत."

मुलगी झोपेत हलली. मी एका हातानं तिची मान धरली, दुसऱ्या हातानं फोन खाली ठेवला, आणि जाऊन दार सताड उघडून ठेवलं.